५६००जी चं ऑनबोर्ड आणि नंतर आरएक्स ६६००, दोन्ही वापरून

ऑनबोर्ड (प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स) पुरेल का वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागेल, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे. एक तर चांगलं ऑनबोर्ड घ्या नाहीतर दमदार कार्ड घ्या, मधल्या स्वस्तातल्या कार्डांच्या वाटेला जाऊ नका. माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आहे, बराच काळ नुसत्या त्याच्या ग्राफिक्सवर चालवला आणि नंतर त्याच मशीनमध्ये आरएक्स ६६०० कार्ड बसवलं, त्यामुळे दोन्हीकडचं बघून झालंय.

आधी ऑनबोर्ड. ब्राउझर, एक्सेल, दोन मॉनिटर, पिक्चर बघणं यात कार्ड नाही हे कळतसुद्धा नाही. व्हॅलोरंट १०८०पी ला लो सेटिंगवर मस्त पळतो, जीटीए ५ सेटिंग खाली आणून आरामात खेळता येतो. नवे मोठे ओपन वर्ल्ड गेम मात्र विसरा, ७२०पी ला आणून ओढत ओढत खेळण्यात काय मजा, त्यापेक्षा न खेळलेलं बरं.

आता खरी गोम, रॅम. ऑनबोर्डला स्वतःची मेमरी नसते, ते सिस्टीमच्या रॅममधूनच घेतं आणि प्रोसेसरही त्याच रॅमवर जगतो, म्हणजे एकाच ताटात दोघं जेवणार. डीडीआर४ ३२०० ची एकच स्टिक लावली तर सगळं मिळून सेकंदाला २५.६ जीबी डेटा जाऊ शकतो, दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही एकाच वेळी काम करतील अशा) लावल्या की ५१.२ जीबी. आरएक्स ६६०० वर स्वतःची ८ जीबी आहे आणि तिचा वेग २२४ जीबी, आता बघा फरक. मला ज्यांनी मशीन असेंबल करून दिलं त्यांनी १६ जीबीची एकच स्टिक टाकली होती, का तर म्हणे पुढे वाढवायला स्लॉट मोकळा राहतो! ती काढून ८-८ च्या दोन टाकल्या, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी चालू केलं (नाहीतर ३२०० ची रॅम कमी स्पीडवरच चालते) आणि तेच गेम, तीच सेटिंग, पण अडखळणं गेलं. त्यामुळे ऑनबोर्ड बेकार आहे म्हणणाऱ्याला मी आधी रॅम कशी लावलीय ते विचारतो. बायोसमध्ये ग्राफिक्ससाठी २ जीबी राखून ठेवली की विंडोजला १६ पैकी १४ च्याही थोडी खालीच दिसते, घाबरू नका, ती कुठे गेली नाहीये. पण म्हणूनच ८ जीबीवर ऑनबोर्ड गेमिंग करायच्या भानगडीत पडू नका.

मधली कार्डं का नको ते सांगतो. जीटी ७१० अजून लोक घेतात, कार्ड आहे म्हणजे ऑनबोर्डपेक्षा भारीच असणार असं वाटतं ना, पण ५६००जी चं ग्राफिक्स त्याच्या कितीतरी पुढे आहे आणि त्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर २०२१ मध्येच बंद झाले. जीटी १०३० मध्ये तर वेगळीच गंमत, एकाच नावाची दोन कार्डं, एकात जीडीडीआर५ (ग्राफिक्ससाठीची वेगवान मेमरी) आणि दुसऱ्यात साधी डीडीआर४, आणि डीडीआर४ वाल्याचा मेमरी स्पीड जवळपास एक तृतीयांश. डबा नीट वाचला नाही तर फसलात. आरएक्स ६५०० एक्सटी त्यामानाने बरं, पण ते पीसीआयईच्या (कार्ड आणि प्रोसेसरमधल्या डेटाच्या रस्त्याच्या) चारच लेन वापरतं आणि ५६००जी पीसीआयई ३.० वाला आहे, म्हणजे ४.० च्या निम्मा स्पीड, त्यात मेमरी ४ जीबी, ती भरली की गेम झटके खायला लागतो. वर त्यात व्हिडिओ एन्कोडर पण नाही, म्हणजे स्ट्रीमिंग रेकॉर्डिंगचा लोड परत प्रोसेसरवर. जे काम ऑनबोर्ड करतंय तेच कार्ड करत नसेल तर ते घ्यायचं कशाला?

६६०० लावल्यावर १०८०पी ला हाय सेटिंग बिनधास्त. आठ लेन वापरतं त्यामुळे ३.० वर थोडंच नुकसान होतं. एव्ही१ (यूट्यूब वापरतं तो एक व्हिडिओ फॉरमॅट) व्हिडिओ पण हे स्वतः डिकोड करतं, ५६००जी च्या ग्राफिक्सला ते जमत नाही आणि सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो, यूट्यूबवर ४के बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. कार्ड १३२ वॅटचं आहे, ८ पिनची वायर लागते, तेव्हा ऑर्डर करायच्या आधी पॉवर सप्लायमध्ये ती आहे का आणि कॅबिनेटमध्ये लांबी बसते का बघा. आणि मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डच्या एचडीएमआयला तशीच ठेवली तर गेम ऑनबोर्डवर चालायची शक्यता जास्त.

कार्ड घ्यायचं आधीच पक्कं असेल तर ५६००जी नको, साधा ५६०० घ्या, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) दुप्पट म्हणजे ३२ एमबी आणि पीसीआयई ४.० मिळतं. फक्त त्यात ग्राफिक्सच नाही, इंटेलच्या एफ वाल्या प्रोसेसरसारखं, म्हणजे कार्ड येईपर्यंत स्क्रीन काळी आणि उद्या कार्ड बिघडलं तरी काळीच.

५६००जी ला पाचपैकी चार, एक एव्ही१ साठी कापला. ६६०० ला गेमिंगसाठी साडेचार, पण ब्लेंडर किंवा एआयचं काम असेल तर तीनच, तिकडे बहुतेक सॉफ्टवेअर कुडा (एनव्हीडियाच्या कार्डांसाठीची त्यांची स्वतःची प्रणाली) धरून बनवलेली असतात त्यामुळे एनव्हीडियाच घ्या, आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी वालं मिळालं तर उत्तम.