एका कार्डाचा कॅमेरा आणि दोन कार्डांचा

माझ्या भाचीने गेल्या वर्षी कॅनन ईओएस आर५० घेतला. माझ्याकडे त्याच कंपनीचा ईओएस आर६ मार्क २ अडीच वर्षांपासून आहे. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहतो आणि नोकरी सांभाळून मुंजी, साखरपुडे, ओळखीतल्या घरांची लग्ने यांचे फोटो काढतो; भाचीसाठी फोटोग्राफी अजून निव्वळ हौस आहे. नवरात्रापासून थंडी संपेपर्यंत आम्ही हे दोन कॅमेरे अदलाबदल करून वापरले. तिला माझ्या कॅमेऱ्याचे वजन किती आहे ते कळले, आणि मला तिच्या कॅमेऱ्याविषयी मनात धरलेल्या दोन-तीन समजुती सोडून द्याव्या लागल्या. आर६ मार्क २ च्या वर कॅननच्या यादीत आर५, आर३ आणि आर१ आहेत, त्यामुळे त्याला अव्वल दर्जाचा व्यावसायिक कॅमेरा म्हणणे काहींना खटकेल. पण ज्याच्यावर लग्नाच्या सुपाऱ्या घेता येतात तो व्यावसायिक, अशी माझी साधी व्याख्या आहे.

आर६ मार्क २ नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला आणि आर५० फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे दोघांच्या वयात तीन महिन्यांचेच अंतर आहे. दोन्हींवर २४.२ मेगापिक्सेल आहेत आणि दोन्हींची फोकस-प्रणाली एकाच पिढीची आहे, त्यामुळे माणसाचा डोळा, मांजर, पक्षी किंवा गाडी ओळखून त्यावर चिकटून राहण्याचे काम दोघेही करतात. मोठा फरक सेन्सरच्या, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपच्या, आकाराचा आहे. आर६ मार्क २ चा सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा आहे, आणि आर५० चा २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने अडीचपटीहून लहान आहे. बॅटरी आणि कार्ड घालून माझा कॅमेरा ६७० ग्रॅम भरतो आणि भाचीचा ३७५ ग्रॅम. बाजारात आले तेव्हा लेन्स न धरता नुसत्या बॉडीच्या किमतीत तिपटीच्या पुढचे अंतर होते.

कमाटीबागेत सकाळी नऊच्या उन्हात आम्ही एकाच झाडाखाली, एकाच बाकावर बसलेल्या आजोबांचे त्यांना विचारून फोटो काढले आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा एकेक फोटो बारा बाय अठरा इंचांवर छापून घेतला. घरातल्या पाच जणांपैकी कोणालाही कुठला कोणत्या कॅमेऱ्याचा हे सांगता आले नाही. मला ओळखता आले, पण ते मागच्या पानांची अस्पष्टता किती आहे यावरून. चेहऱ्यात काही कमी-जास्त होते म्हणून नव्हे. भरपूर उजेड, स्थिर माणूस आणि मोबाइलवर किंवा अल्बमात पाहिला जाणारा फोटो एवढेच काम असेल, तर महागड्या कॅमेऱ्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे फोटोत दिसत नाहीत. दुकानाच्या काउंटरवर हे वाक्य मला आजवर ऐकायला मिळालेले नाही.

गरब्यात मात्र चित्र बदलले. बडोद्याच्या मोठ्या मैदानांवर हजारो माणसे एकाच वेळी गोल फेर धरतात, मधोमध गायक-वादकांचा मंच असतो आणि उजेड उंच खांबांवरून खाली उतरतो. चणियाचा, म्हणजे गुजराती घागऱ्याचा, घेर फिरत असताना तो हललेला न येता टिपायचा असेल, तर शटर (उजेड आत घेणारा पडदा) एक पंचशतांश सेकंदापेक्षा संथ ठेवून चालत नाही. माझ्या कॅमेऱ्यावर २४-७० एफ/२.८ लेन्स होती (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) आणि ६४०० आयएसओवर (हा आकडा चढवला की कमी उजेडात भागते, पण फोटोत दाणे येतात) बेताचा, पण पुरेसा उजेड मिळाला. आर५० बरोबर पेटीत मिळणाऱ्या १८-४५ लेन्सचे ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे छिद्र, ४५ मिलिमीटरवर एफ/६.३ च्या पलीकडे उघडत नाही. तेवढ्याच उजेडात तेच शटर ठेवायचे तर आयएसओ पाचपट, म्हणजे ३२,००० वर न्यावा लागतो, आणि आर५० च्या नेहमीच्या श्रेणीतला शेवटचा आकडा नेमका तोच आहे. तिसऱ्या माळेचे तिचे फोटो त्याच टोकावर काढलेले होते. चेहरे मेणाचे असावेत तसे गुळगुळीत झाले होते, आणि चणियावरची आभली जिथे एकेक वेगळी चमकायला हवी होती तिथे पांढुरके ठिपके पसरले होते. आभल्याभोवतीचा टाक्यांचा दोरा कुठेच उरला नव्हता.

पाचव्या माळेला तिने माझी ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स लावली. ती अवघी १६० ग्रॅमची आणि आरएफ लेन्सांमध्ये सर्वांत स्वस्त असलेल्यांपैकी एक आहे. एफ/२ वर तेच शटर ठेवून ३२०० आयएसओत काम भागले, आणि आभल्यांचा दोरा परत दिसू लागला. लहान सेन्सरमुळे जो तोटा होतो तो या लेन्सने जवळजवळ भरून काढला. लहान सेन्सरवर ५० ची लेन्स ८० च्या लेन्सएवढाच भाग पाहते, त्यामुळे पूर्ण फेर चौकटीत मावत नाही; पण कमरेपासून वरची माणसे, टाळीसाठी वर आलेले हात आणि घामाने चिकटलेली केसांची बट यांच्यासाठी ते अंतर उत्तम आहे. बॉडी बदलायच्या आधी लेन्स बदला, हा सल्ला सगळेच देतात. मला त्या दोन रात्रींमध्ये त्याचा आकड्यांसकट पुरावा मिळाला. फोकसच्या बाबतीत आर५० ने गर्दीत मला आश्चर्याचा धक्का दिला. एकदा डोळा पकडला की मध्ये कोणी आडवे जाईपर्यंत त्याने तो सोडला नाही. आडवे कोणी गेले की परत पकडायला त्याला माझ्या कॅमेऱ्यापेक्षा किंचित वेळ लागतो, आणि गरब्यात आडवे कोणी ना कोणी जातच असते.

जे हलत नाही पण अंधारात आहे, तिथे उलटा अनुभव आला. तांबेकर वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे पाहायला आम्ही गेलो तेव्हा खोलीत खिडकीतून येईल तेवढाच उजेड होता, आणि तशा चित्रांवर फ्लॅश मारणे गैरच. आर६ मार्क २ च्या बॉडीतच सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा आहे, त्यामुळे मी भिंतीला कोपर टेकवून एक अष्टमांश सेकंदाला हातातच फोटो काढला आणि रेषा न रेषा नीट आली. आर५० मध्ये ही यंत्रणा नाही आणि ५० च्या त्या स्वस्त लेन्समध्येही नाही. भाचीला शटर बरेच चढवावे लागले, त्यापायी आयएसओ चढला, आणि घोड्याच्या खोगिरावरची बारीक नक्षी दाण्यांत हरवली. पेटीतली १८-४५ लेन्स स्थिरीकरणाची आहे, म्हणून अशा ठिकाणी तीच बरी; म्हणजे गरब्यात जी निकामी ठरली ती वाड्यात कामाला आली.

डिसेंबरात डभोईजवळच्या वढवाणा तळ्यावर गेलो होतो. बडोदे संस्थानाने सिंचनासाठी बांधलेले हे तळे २०२१ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, आणि थंडीत तिथे पट्टकादंब हंस, चक्रवाक आणि वारकरी या पक्ष्यांचे थवे उतरतात. आमच्याकडे १००-४०० एफ/५.६-८ ही एकच लांब लेन्स होती, ती आम्ही आळीपाळीने लावली. पाण्याच्या मध्यावर बसलेला हंस माझ्या कॅमेऱ्यात चौकटीच्या कोपऱ्याएवढा दिसत होता. त्याला आर५० च्या चौकटीएवढे कापून घेतले की माझ्या २४ मेगापिक्सेलपैकी नऊच्या थोडे वरच उरत होते, आणि भाचीकडे मात्र सगळे २४ त्याच भागावर खर्च झालेले होते. उन्हे वर आल्यावर तिचे फोटो माझ्यापेक्षा सरळसरळ चांगले होते. हंसाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे तिच्या फोटोत सुटे दिसत होते. सूर्य उगवण्याआधीचा अर्धा तास माझा होता, बाकी सकाळ तिची. पक्षी पाहण्याचा नाद आहे आणि पैसे मोजके आहेत अशा माणसाने मोठ्या सेन्सरच्या मागे न लागता लेन्सवर खर्च करावा, असे माझे मत तिथे पक्के झाले.

इतके सगळे सांगून झाल्यावर कोणी विचारील की मग मी माझा कॅमेरा विकून टाकत का नाही. त्याचे उत्तर २०१९ मधल्या एका मुंजीत आहे. तेव्हा माझ्याकडे एका कार्डाचा कॅमेरा होता. सकाळच्या विधींपासून मातृभोजनापर्यंतचे फोटो एकाच कार्डावर होते, आणि मंगलाष्टकांच्या आधी मी ते बदलून नवे घातले. संध्याकाळी घरी येऊन पहिले कार्ड संगणकाला लावले, तर संगणक ते फॉरमॅट करायला सांगू लागला. कार्ड नामांकित कंपनीचे होते. कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण कुठलेही कार्ड एक ना एक दिवस जातेच. दुरुस्ती करणाऱ्याने चार दिवस ठेवून घेऊन ते तसेच परत दिले. दुसऱ्या कार्डावर अंतरपाट, मंगलाष्टके, भिक्षावळ सगळे शाबूत होते, पण बटू आईच्या ताटात शेवटचे जेवला त्याचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. मी पैसे परत केले आणि त्यांनी अर्धेच घेतले, हे मला जास्त लागले. त्यांच्या दिवाणखान्यात आज मातृभोजनाचा जो फोटो फ्रेम करून लावला आहे तो कुणा पाहुण्याने मोबाइलवर काढलेला आहे आणि त्यात डावीकडे कोणाचे तरी कोपर आले आहे. मुंज दुसऱ्यांदा लावता येत नाही.

आर६ मार्क २ मध्ये दोन कार्डे बसतात आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर एकाच वेळी लिहिला जाऊ शकतो. आर५० मध्ये एकच कार्ड बसते. एक गोष्ट मुद्दाम सांगतो, की दोन्हींवर लिहिण्याचा पर्याय मेनूत जाऊन स्वतः सुरू करावा लागतो, आणि दोन कार्डांचा कॅमेरा मिरवणारे माझे दोन मित्र तो वर्षभर सुरू न करताच फिरत होते. दुसऱ्याच्या घरचा प्रसंग पैसे घेऊन टिपणाऱ्याने सेन्सर, वेग, मेगापिक्सेल या साऱ्यांच्या आधी हे दुसरे भोक आहे का ते पाहावे. ते नसेल तर तो कॅमेरा कितीही चांगला असला तरी त्या कामाचा नाही.

आर५० ची दुसरी अडचण मला दुकानदाराने सांगायला हवी होती. त्याच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत जुन्या पद्धतीचे संपर्कबिंदू नाहीत, त्यामुळे माझा जुना फ्लॅश त्यावर बसतो पण पेटत नाही. त्यासाठी एडी-ई१ नावाचा वेगळा ॲडॉप्टर घ्यावा लागतो. आम्ही फ्लॅश पिशवीत घेऊनच खरेदीला गेलो होतो, तो काउंटरवर ठेवलेला होता, आणि तरीही विक्रेत्याने पट्टा आणि पिशवी फुकट देण्याच्या गोष्टी केल्या, पण याबद्दल चकार शब्द काढला नाही. कॅमेऱ्यात उघडणारा छोटा फ्लॅश आहे खरा, पण तो वाढदिवसाच्या केकपुरता.

हाताळणीत भाचीचा कॅमेरा प्रवाशाचा आहे आणि माझा कामगाराचा. आर५० वर बोटाशी एकच चकती आहे. शटर आणि ॲपर्चर दोन्ही स्वतः ठरवणाऱ्याला सारखे बटण दाबून चकतीचे काम बदलावे लागते, आणि फोकसचा बिंदू हलवायला पडद्यावर अंगठा फिरवावा लागतो. माझ्याकडे तीन चकत्या आणि अंगठ्याशी एक दांडी आहे, त्यामुळे डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता सगळे बदलते. आर५० सेकंदाला बारा फोटो काढतो, हे जाहिरातीत खरेच आहे. रॉ, म्हणजे न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये मात्र हा वेग सेकंदभरही टिकत नाही, मग तो थबकतो आणि कार्डावर लिहीत बसतो. अक्षता पडायला लागल्या की त्या सेकंदाहून जास्त वेळ पडतात. जेपीईजीत, म्हणजे दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये, काढले तर ही अडचण जवळजवळ जाते, आणि हौशी माणसाने जेपीईजीत काढण्यात काही कमीपणा नाही. धूळ आणि पावसाच्या थेंबांपासूनचे संरक्षण माझ्या बॉडीला आहे, तिच्या बॉडीला नाही. नवरात्रात मैदानावर धूळ उडत असते आणि एखाद्या वर्षी पाऊसही येतो, म्हणून ती कॅमेऱ्यावर न्हाणीघरातली प्लॅस्टिकची टोपी चढवते. ती युक्ती तिच्या आजीची आहे आणि उत्तम चालते.

वजनाचा हिशेब लेन्ससकट केला पाहिजे. माझी २४-७० एफ/२.८ लेन्स एकटीच ९०० ग्रॅमची आहे, म्हणजे बॉडीसकट दीड किलोच्या पुढे गळ्यात पडते. भाचीचा कॅमेरा पेटीतल्या लेन्ससह अर्ध्या किलोच्या आसपास राहतो. मंडईत, पोळीभाजी केंद्रात किंवा मांडवीच्या दरवाज्याखालच्या गर्दीत ती कॅमेरा काढते तेव्हा कोणी मान वळवून पाहत नाही. मी काढला की लोक केस नीट करू लागतात, आणि ज्या फोटोसाठी थांबलो होतो तो तिथेच संपतो. रविवारी फिरायला जाताना हल्ली मी तिचाच कॅमेरा मागून घेतो.

येत्या वैशाखात शेजारच्या वाड्यात एक मुंज आहे. भाची माझ्याबरोबर येणार आहे. मुख्य विधी मी दोन कार्डांवर काढणार, आणि ती आर५० वर ५० ची लेन्स लावून आल्या-गेल्यांचे चेहरे टिपणार. तिच्याकडे काही गेलेच तर ते माझ्याकडे दुसऱ्या कोनातून असेल, एवढी व्यवस्था केली आहे. एडी-ई१ मागवला आहे. दोन्ही कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या एकमेकांत बसत नाहीत, तिची १०४० मिलिॲम्पिअर-तासांची आणि माझी २१३० ची आहे, म्हणून चार्जर दोन न्यावे लागतील, आणि तिच्या तीन बॅटऱ्यांवर तिने पांढरी पट्टी चिकटवून आकडे घातले आहेत.