ऑफिससाठी दुसरी सायकल: हायब्रीड की सस्पेन्शनवाली एमटीबी?

घरात एक रोडबाइक आहे आणि आता रोज ऑफिसला न्यायला, पावसात भिजली तरी जीव खालीवर होणार नाही अशी दुसरी सायकल हवी आहे. पुण्यात अशा वेळी निवड बहुधा दोघींतच होते: साध्या फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) हायब्रीड, म्हणजे रोडबाइक आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल, नाहीतर पुढे धक्के शोषणारं सस्पेन्शन असलेली स्वस्तातली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक.

एमटीबीची बाजू लंगडी नाही. डांबराखाली बुडालेली चेंबरची झाकणं, अर्धवट बुजवलेले केबलचे चर, उखडलेले पेव्हर ब्लॉक हे सगळं दोन इंची टायर ३५ पीएसआय हवेच्या दाबावर बिनबोभाट पचवतो. पण या आरामात मोठा वाटा टायरचा असतो, फोर्कचा थोडा. स्वस्त फोर्कमध्ये नुसती स्प्रिंग असते, तिला आवर घालणारं तेलाचं डॅम्पिंग बहुधा नसतंच. त्यामुळे पेव्हर ब्लॉकच्या बारीक, भराभर येणाऱ्या धक्क्यांना तो दाद देत नाही आणि उड्डाणपूल चढताना उभं राहून पायडल मारलं, की मात्र खालीवर होत राहतो. शिवाय साध्या फोर्कपेक्षा किलोभर तरी जड.

तरी वजन सोसता येतं. माझं मत फिरलं ते फोर्कमध्ये येणाऱ्या प्लेमुळे, म्हणजे ढिलेपणामुळे. पावसाळ्यात चिखलपाणी सीलमधून आत शिरतं, स्टँशनच्या, म्हणजे फोर्कमध्ये वरखाली सरकणाऱ्या नळ्यांवर गंजाचे ठिपके उठतात आणि त्या ज्यांत सरकतात ते आतले बुश झिजतात. मग प्रत्येक ब्रेकला हँडलमध्ये टकटक सुरू. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट आधी हेडसेटच्या, म्हणजे फोर्क फ्रेममध्ये फिरतो तिथल्या बेअरिंगच्या सांध्यावर ठेवा. हालचाल तिथे असेल तर पाच मिनिटांचं काम: स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट सैल करा, वरचा बोल्ट हलकेच आवळा, बाजूचे पुन्हा घट्ट करा. हालचाल सीलपाशी जाणवली तर गेला फोर्क. बुश सुटे मिळणं कठीण, आणि मिळाले तरी मजुरी जोडून नवा फोर्क बरा असं दुकानदारच सांगतो. रोज गर्दीत ब्रेक मारायच्या सायकलला हे दुखणं नको.

साध्या फोर्कला झिजणारा भागच नाही. त्यावर पूर्ण लांबीचं मडगार्ड आधाराच्या दांड्यांसकट बसतं, म्हणजे पुढच्या चाकाचं पाणी बुटांवर आणि चेनवर येत नाही. चिमटीने अडकवायचं प्लॅस्टिकचं मडगार्ड हे काम करत नाही.

हायब्रीड घेताना मात्र टायरची जागा पाहा. ७०० × ३८ (३८ मिमी रुंद) टायर आणि वर मडगार्ड बसायला हवं. ३२ वर अडकणारी फ्रेम आपल्या रस्त्यांना नको. पंचाहत्तर किलोच्या माणसाला पुढे ४५, मागे ५५ पीएसआय ठीक वाटतं. ट्यूबवर शेजारीशेजारी दोन चिरा दिसल्या तर खिळा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि चेंबरच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेमटली. मागे ३६ स्पोक असतील तर उत्तम, म्हणजे लॅपटॉपच्या ओझ्याने दर महिन्याला चाकाचा आउट (वाकडेपणा) काढायला लागत नाही. व्हॉल्व्ह गाडीसारखा जाड घ्या, पेट्रोल पंपावर हवा भरता येते. ब्रेक डिस्कचे असावेत, कारण ओल्या मातीत रबरी पॅड रिमच घासून खातात. पण मागच्या ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) कॅरिअरच्या पायाला आडवा येतो का, हे दुकानातच कॅरिअर लावून बघा.

वाटेत दोन-तीन किलोमीटर कच्चा रस्ता असेल किंवा वजन शंभरीच्या पुढे असेल, तर एमटीबी घ्यायला माझी हरकत नाही. आधीच घरात असली तर तिलाही साधा फोर्क लावता येतो: १⅛ इंची स्टिअरर (फोर्कची फ्रेममधून वर जाणारी नळी), डिस्क ब्रेकचा माउंट आणि एक्सलपासून क्राउनपर्यंतची, म्हणजे फोर्कच्या वरच्या जोडापर्यंतची लांबी जुळवा. ही लांबी जुन्या फोर्कपेक्षा दोनेक सेंटिमीटर कमी चालते, कारण आपण सायकलवर बसल्यावर जुना फोर्क तेवढा दबतच असे. त्याहून आखूड बसवला तर पुढची बाजू खाली जाते, हँडल चंचल होतं आणि वळणावर पायडल रस्त्याला टेकू लागतं.