ऑफिसच्या फायरवॉलवर ओपनबीएसडी : काही महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. तिथे इंटरनेटची लाइन आत येते त्या जागी गेले काही महिने ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम चालू आहे. टेबलांवरचे कॉम्प्युटर विंडोजचेच आहेत आणि तसेच राहतील. टॅलीला विंडोजच लागतं आणि डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर ओपनबीएसडीसाठी मिळत नाहीत. फायरवॉल (म्हणजे आत-बाहेर काय जाऊ द्यायचं ते ठरवणारी चौकी), राउटर आणि घरून काम करणाऱ्यांसाठी वायरगार्डचा व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी, एवढंच काम ओपनबीएसडीकडे दिलंय. त्या कामापुरतं माझं मत पक्कं आहे: छोट्या ऑफिसला हा सौदा परवडतो. ती फुकट मिळते, हे मात्र त्याचं मुख्य कारण नाही.

आधी आमच्याकडे एक तयार फायरवॉल होती. तिचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागायचं, आणि ते चुकलं की अपडेट बंद. आत कुठले नियम लावलेत हे ऑफिसात कुणालाच सांगता येत नसे. एक पोर्ट, म्हणजे एखाद्या प्रोग्रामला आत-बाहेर जायची वाट, उघडायचा तरी फोन करून माणसाची वाट बघायची. आता इंटेलची चार नेटवर्क सॉकेट असलेला, पंखा नसलेला एक छोटा डबा आहे. त्यावर खर्च एकदाच झाला. पण हिशेब मांडताना शिकणाऱ्या माणसाचा वेळ धरलाच पाहिजे. माझ्या कितीतरी संध्याकाळी मॅन्युअल वाचण्यात गेल्या. हे मॅन्युअल मात्र अप्रतिम आहे. ते सिस्टिमबरोबरच येतं, आणि त्यात लिहिलेलं आणि प्रत्यक्ष घडतं ते जुळतं.

पैसे वसूल झाले ते पीएफमुळे. हा ओपनबीएसडीचा पॅकेट फिल्टर, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा नियमांनुसार सोडणारा किंवा अडवणारा भाग, २००१पासून सिस्टिममध्येच आहे. आमचे सगळे नियम एका साध्या मजकुराच्या फाइलीत आहेत आणि छापले तर ए-फोरच्या एका पानात बसतात. वर सगळं अडवायचं, मग खाली एकेक गोष्ट सोडायची. जुळणाऱ्या नियमांपैकी शेवटचा लागू होतो. नवी फाइल लागू करण्याआधी तपासून घेण्याची सोय आहे, त्यामुळे लिहिण्यात काही चुकलं असेल तर ते आधीच कळतं. ते पान मी छापून आमच्या भागीदारांपुढे ठेवलं. त्यांचा कॉम्प्युटरशी संबंध टॅलीपुरता. त्यांनी ओळीवर बोट ठेवून विचारलं, "सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरला बाहेर जायची परवानगी कशाला?" खरंच गरज नव्हती, ती ओळ काढली. अशिलांचे पॅन, बँकेचे तपशील, पगारपत्रकं सांभाळणाऱ्या ऑफिसात मालकाला आपल्या सुरक्षेचे नियम स्वतः वाचता येणं, याला मी कुठल्याही जाहिरातीतल्या वैशिष्ट्यापेक्षा जास्त किंमत देतो.

कमी लोक वापरतात ती सिस्टिम धंद्यात टिकेल का, हा प्रश्न रास्त आहे. थिओ द राट यांनी १९९५मध्ये नेटबीएसडी या तशाच दुसऱ्या सिस्टिमच्या प्रकल्पातून फुटून, कॅनडातल्या कॅलगरीतून, हा प्रकल्प सुरू केला. जगभरचे सर्व्हर दुरून सुरक्षितपणे सांभाळण्यासाठी जे ओपनएसएसएच वापरलं जातं ते याच मंडळींचं. इंटरनेटवरची माहिती सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही गंभीर चूक २०१४मध्ये उघड झाल्यावर त्याचाच कोड घेऊन त्यांनी लिब्रेएसएसएल सुरू केलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे सर्व्हरच्या विजेचं सुमारे २० हजार डॉलरचं बिल भरायला पैसे नव्हते, आणि लोकांच्या देणग्यांनी ते निभावलं. एवढा मोठा आधार इतक्या थोड्या पैशांवर उभा असावा, याचं मला वाईट वाटतं. २००७पासून त्यांचं फाउंडेशन आहे. गूगल आणि मायक्रोसॉफ्टनेही त्याला पैसे दिले आहेत. नूतनीकरणाच्या वाचलेल्या पैशांतला एक हिस्सा आम्ही तिकडे द्यायचं ठरवलंय. धंद्याच्या हिशेबातही ते योग्यच आहे.

दर सहा महिन्यांनी, साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरात, नवी आवृत्ती येते. प्रत्येकीला जेमतेम वर्षभर दुरुस्त्या मिळतात आणि मधली आवृत्ती गाळून पुढे जाता येत नाही. आम्ही ७.६वर सुरुवात केली, ७.७वर एका आज्ञेत गेलो, चहा होईपर्यंत काम संपलं. ऑक्टोबरची आवृत्ती मात्र नेमकी ऑडिटवाल्या रिटर्नच्या गर्दीत येते. म्हणून ते काम नोव्हेंबरात करायचं. तोवर जुनीला दुरुस्त्या मिळत राहतात.

सगळ्यात मोठी अडचण विजेची. ओपनबीएसडीच्या फाइलसिस्टिमला जर्नल नाही, म्हणजे डिस्कवर होणाऱ्या बदलांची आगाऊ नोंद ती ठेवत नाही. लाइट अचानक गेली की पुढच्या वेळी सुरू होताना डिस्कची तपासणी होते, आणि ती आपोआप निस्तरली नाही तर सिस्टिम तिथेच थांबून कीबोर्डवर माणसाची वाट बघते. आपल्याकडे हे क्षुल्लक नाही. यूपीएसशिवाय हा डबा बसवूच नका. शक्यतो यूएसबीने ओळखला जाणारा यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरी उतरल्यावर सिस्टिम स्वतःहून नीट बंद होण्याची व्यवस्था लावता येते.

बाकी किरकोळ. आमच्या लाइनला वेग पुरतो. दहा गिगाबिट हवे असतील तर लिनक्स बघा. ब्लूटूथ नाही, पण फायरवॉलला ते लागतही नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांत सिस्टिमच्या नोंदी (लॉग) १८० दिवस ठेवायला सांगितल्यात. तेवढ्या राहतील अशी मांडणी स्वतः करावी लागली, कारण मुळात त्या लवकर पुसल्या जातात.

गावात हे जाणणारा तंत्रज्ञ मिळणार नाही. म्हणून ऑफिसातल्या दुसऱ्या एका मुलीलाही शिकवलं. तिने मला न विचारता एका जुन्या डेस्कटॉपवर पहिल्यापासून सगळं बसवलं, आमच्या फाइली त्यावर टाकल्या आणि पूर्ण शनिवार ऑफिस त्यावर चालवून दाखवलं. तो डेस्कटॉप आता आमचा पर्यायी राउटर आहे. असा दुसरा माणूस तयार होणार नसेल, तर वर्षाचं नूतनीकरण भरून तयार फायरवॉलच ठेवा.