पाण्यातली फायटोप्थोरा ओळखायची पट्टी: दहा महिने वापरल्यावर

वरुड तालुक्यात आमची संत्रा कलमांची नर्सरी आहे. गेल्या पावसाळ्यात पिशव्यांमधली जंबेरीची रोपं (ज्यांच्यावर आम्ही संत्र्याचं कलम बांधतो) ओळीच्या ओळी पिवळी पडली. उपटलं की बारीक मुळांची साल चिमटीत सोलून यायची, आत नुसता दोरा उरायचा. बी ५२ अंशांच्या पाण्यात १० मिनिटं बुडवून काढलेलं होतं, माती उन्हाळ्यात प्लॅस्टिकखाली तापवलेली होती. संशय घ्यायला उरलं पाणी. ते आमच्याकडे दोन ठिकाणचं, विहिरीचं आणि शेततळ्याचं. नर्सरीतून निथळलेलं पाणी चरातून परत तळ्यात जायचं. थेंबही वाया जाऊ नये म्हणून बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो चर मुद्दाम खोदून घेतला होता.

जुलैपासून मी फायटोप्थोराची, म्हणजे मुळं कुजवणाऱ्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाची, झटपट तपासणी पट्टी वापरते आहे. रोगट भाग द्रावणात चुरडायचा, पट्टी बुडवायची, काही मिनिटांत दोन रेघा आल्या तर आहे, एकच आली तर नाही. विकणाऱ्याने न सांगितलेली गोष्ट अशी की पट्टी थेट पाण्यात बुडवून काही कळत नाही. पाण्यात बीजाणू फार विरळ असतात. आधी आमिष लावावं लागतं. मी जंबेरीची निरोगी पानं कडेने कापते, नायलॉनच्या जाळीत घालते आणि तळ्यात सावलीच्या बाजूला तीन-चार दिवस तरंगत ठेवते. चल बीजाणू दोन शेपट्यांनी पोहत कापलेल्या कडेला येऊन चिकटतात. कड तपकिरी, पाणचट झाली की तेवढाच तुकडा तपासायचा. पहिली दोन आमिषं मी उन्हात सोडली होती, ती नुसती सडली.

जुलैअखेरीस विहिरीच्या पाण्यातली पानं हिरवीगार राहिली. तळ्यातल्या पानांवर दोन रेघा आल्या, आणि चराच्या तोंडाशी ठेवलेल्या पानांवर सर्वांत ठळक. बाबांनी पट्टी हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फावडं घेऊन चर बुजवला. या एका उत्तरासाठी पट्टीचे पैसे वसूल झाले असं मी मानते.

पण पट्टी जात सांगत नाही. कृषी महाविद्यालयातल्या मैत्रिणीने त्याच पानाचे तुकडे निवडक माध्यमावर, म्हणजे ठरावीक सूक्ष्मजीवच वाढू देणाऱ्या खाद्यावर, वाढवून दिले. निघाली फायटोप्थोरा निकोशियानी, नागपुरी संत्र्याच्या नर्सऱ्यांतली जुनी शत्रू. तेव्हापासून रोपांना फक्त विहिरीचं पाणी. तळ्याचं वापरावंच लागलं तर आधी गाळून, मग शेवटच्या ड्रीपरपाशी मुक्त क्लोरीन २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) मिळेल इतकं हायपोक्लोराइट सोडून. गाळणं टाळू नका. क्लोरीन पोहणाऱ्या बीजाणूंना मारतं, पण पाल्यापाचोळ्याच्या तुकड्यात दडलेल्या तंतूंपर्यंत ते पोचत नाही.

एप्रिलमध्ये तळ्यात पुन्हा दोन रेघा आल्या. माझे हातपाय गळाले. बाबांनी मेटॅलॅक्झिल या बुरशीनाशकाची आळवणी करायची तयारी केली, मी त्यांना चार दिवस थांबायला सांगितलं. पानाचा तुकडा मैत्रिणीकडे नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंची पिशवी, लिंबासारखी, टोकाला बोंडी असलेली. मला ती फायटोप्थोराच वाटली. मग तो तुकडा पाण्यासकट २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढला आणि आम्ही दोघी आळीपाळीने डोळा लावून बसलो. फायटोप्थोरात बीजाणू धानीच्या आतच तयार होऊन बाहेर पडतात. इथे आतला सगळा ऐवज टोकातून एका पातळ फुग्यात उतरला आणि बीजाणू त्या फुग्यात वेगळे झाले. ही रीत पिथियम या फायटोप्थोराच्या नातलगाच्या गोतावळ्याची. आयटीएस हा डीएनएचा भाग वाचून घेतल्यावर नाव आलं फायटोपिथियम हेलिकॉइड्स. ही ४० अंशांतही वाढते, म्हणजे आमच्या वैशाखातल्या तळ्यात ती सुखाने राहणार. पट्टीतली प्रतिपिंडं, म्हणजे जंतू ओळखून धरणारी प्रथिनं, अशा नातलगांनाही कधी कधी पकडतात.

ती निरुपद्रवी नाही. जपानात तिने छोट्या गुलाबांची मुळं कुजवली आहेत. म्हणून वेगवेगळ्या ओळींतली तीस रोपं उपटून मुळं तपासली. मुळं पांढरी, त्या मुळांना लावलेली आमिषं कोरी. पाण्यात सापडली म्हणजे रोपात शिरली असं होत नाही. आळवणी केली नाही, आणि आज मे संपत आला तरी ओळी हिरव्या आहेत.

घ्यावी का? दोन पाण्यांची तुलना करायची असेल तर जरूर घ्या. नुसत्या दोन रेघा पाहून औषध ओतणार असाल तर घेऊ नका. ते पैसे एका नमुन्याची जात ओळखून घ्यायला ठेवा. उन्हाळ्यातला नमुना तर नक्की पाठवा. निकोशियानीलाही उष्णता मानवते, त्यामुळे ऋतूवरून अंदाज बांधता येत नाही.

नर्सरीतून निथळलेलं पाणी आता धुऱ्यावरच्या बांबूला जातं. पुढची जाळी मृगाचा पहिला पाऊस पडला की सोडणार आहे, या वेळी विहिरीच्या पाटातसुद्धा एक.