‘खोका फक्त दाखवायला उघडला होता’

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कुटुंबाने दिवाळी पाडव्याला ६५ इंची ओएलईडी टीव्ही घेतला, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो तो. खरेदीआधी दोन रविवार शहरातली चार दुकानं पालथी घातली. काळा रंग कुठे जास्त काळा, चेहरा कुठे जिवंत, क्रिकेटचा चेंडू कुठे फाटत नाही, सगळं डोळ्यात तेल घालून पाहिलं. टीव्हीच्या मागची सिरियल नंबरची पट्टी मात्र वाचली नाही. फसवणूक त्या पट्टीवर लिहिलेली होती.

दुकानात संचावरची छापील किंमत १,५३,६०० रुपये होती. सौदा झाला १,१५,००० ला. एवढं स्वस्त कसं, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, “जीएसटी उतरला ना काका! आणि खोका फक्त दाखवायला उघडला होता, पीस कोराच आहे.” यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच दुसरा पचला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. पण हिशेब करायला मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो: जुन्या किमतीला १.२८ ने भागायचं आणि १.१८ ने गुणायचं. १,५३,६०० चे होतात १,४१,६००. म्हणजे कराची सूट १२,००० ची. उरलेले २६,६०० कशाचे, हा प्रश्न तिथेच विचारायला हवा होता. त्या भावात कोरा, पक्क्या बिलाचा माल परवडत नसेल, तर माल कोरा नसतो किंवा बिल पक्कं नसतं. इथे दोन्ही नव्हतं. ६०,००० यूपीआयने घेतले, ५५,००० रोख, आणि हातात आलं ते ‘एस्टिमेट’ छापलेलं कच्चं बिल. त्यावर ‘६५ ओएलईडी – १ नग’ एवढंच. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही.

बिंग फुटलं जानेवारीत, लग्नाच्या व्हिडिओमुळे. हळदीचा प्रसंग चालू होता, पडदाभर पिवळं, आणि त्या पिवळ्यात खालच्या बाजूला आडवी मळकट पट्टी दिसली, वर उजव्या कोपऱ्यात एक चौकोन. मालिका पाहताना ते कधी दिसलं नव्हतं. याला कारण आहे. एलजी डिस्प्लेच्या पॅनलमध्ये प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा आणि पांढरा असे चार उपठिपके असतात. साध्या दृश्यांत पांढरा उपठिपका बराच प्रकाश देतो आणि बाकीच्यांची झीज झाकून नेतो. गडद पिवळा किंवा लाल दाखवताना तो जवळपास बंद असतो. मग लाल-हिरव्याची झीज उघडी पडते. ती पट्टी म्हणजे दुकानातल्या डेमो मोडमध्ये पडद्याच्या तळाशी सतत दिसणारी वैशिष्ट्यांची पाटी होती, आणि चौकोन म्हणजे त्याच जाहिरातीतलं बोधचिन्ह.

मेनूत संचाचे एकूण चालू तास निघाले ३,९१२. घरात येऊन ८० दिवस झाले होते. दिवसाला पाच तास धरले तरी ४०० तास घरचे. उरलेल्या साडेतीन हजारांना सकाळी दहा ते रात्री नऊ अशा ११ तासांनी भागा: सुमारे ३१९ दिवस. वर्षाच्या सुट्ट्या वजा केल्या तर हा संच एका दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत दुकानाच्या भिंतीवर होता.

डेमोचा ओएलईडी घरच्यापेक्षा लवकर का म्हातारा होतो, हे कळलं तर २६,६०० ची सूट किती महाग पडते ते कळेल. एक, तो दुकानात सगळ्यात झगझगीत मोडवर चालतो. दोन, तीच दोन-तीन मिनिटांची फिल्म दिवसभर फिरते, बोधचिन्ह त्याच जागी. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. ओएलईडी संच स्वतःची झीज मोजून भरपाई करतो. एलजीच्या संचांत एकूण चार तास पाहून झाल्यावर रिमोटने बंद केला की काही मिनिटांचं छोटं चक्र आपोआप चालतं. सुमारे २,००० तासांनी तासाभराचं मोठं. दोन्हींना स्टँडबायमध्ये वीज लागते. दुकानदार रात्री मेन स्विच पाडून शटर ओढतो, म्हणजे छोट्या चक्राला सवडच मिळत नाही. (झोपताना बोर्डाचं बटण बंद करायची आपल्या घरांतली सवय हाच घोळ करते. ओएलईडीसाठी ती मोडा. वीज वाचते ती नगण्य.)

तक्रार केल्यावर दुकानातून सल्ला मिळाला, “पिक्सेल रिफ्रेशर चालवा, निघून जाईल.” (म्हणजे तेच मोठं चक्र, मेनूतून हाताने.) सावली तात्पुरती असेल तर जाते. झीज असेल तर हे चक्र फक्त फरक पुसट करतं, झिजलेला पदार्थ परत येत नाही. रोज चालवलं तर उलट नुकसान. आणि पडद्यावरचे कायमचे डाग बहुतेक वॉरंटींत बसत नाहीत. पॅनल बदलायचा खर्च नव्या टीव्हीच्या किमतीच्या आसपास जातो, त्यामुळे ‘नंतर दुरुस्त करू’ हा पर्याय डोक्यातून काढा.

आता दुकानातल्या तुलनेबद्दल, कारण सगळं लक्ष तिकडे गुंतवून ठेवणं हाच या खेळाचा भाग आहे. दुकानदाराला जो संच विकायचा असतो, तो अंधाऱ्या कोपऱ्यात आणि खास बनवलेल्या एचडीआर (उजेड-अंधाराचा फरक जास्त दाखवणाऱ्या) फिल्मवर असतो. शेजारचा संच ट्यूबलाइटखाली, केबलच्या चित्रावर. काळ्या पार्श्वभूमीवर मध, हिरे, फुलपाखरं दाखवली की कुठलाही ओएलईडी जिंकतो. तुलना करायची तर दोन्ही संचांना एकच पेनड्राइव्ह लावा, दोन्ही सिनेमा किंवा फिल्ममेकर मोडवर घ्या, आणि त्यात अंधारात चाललेलं एक दृश्य, एक क्रिकेटचं, एक आपल्या मोबाइलवर घेतलेलं घरातलं असू द्या. ‘३,००० निट्स’ (उजेडाचं माप) असं सांगितलं तर विचारा, पडद्याच्या किती भागावर? ते आकडे छोट्या चौकोनाचे असतात. पूर्ण पडदा पांढरा केला की तोच संच स्वतःला आवरतो आणि उजेड कित्येक पटींनी खाली येतो. दुपारी पडदे उघडे ठेवून मॅच पाहणाऱ्या घराला हा दुसरा आकडा कामाचा. क्यूडी-ओएलईडी, म्हणजे पांढरा उपठिपका नसलेल्या पॅनलचे रंग भडक आणि सुरेख, पण त्यावर बाहेरचा उजेड शोषणारा ध्रुवक पापुद्रा नसल्याने उजेडात काळा रंग राखाडी-जांभळट वाटतो. दुकानात दिवे मंद असतील तर हे कळतच नाही.

नावांच्या जंगलात घुसवण्याचेही प्रकार चालतात. क्यूएलईडी, क्यूएनईडी, नॅनोसेल हे सगळे एलसीडी आहेत, मागून दिवा लागतो. ‘ओएलईडीचाच भाऊ’ म्हणून ते विकले जातात. दिवे घालवून काळा पडदा लावा. ओएलईडी चालू आहे की बंद ते कळत नाही; एलसीडी धूसर चमकतो. अनोळखी नावाचा ‘६५ इंची ओएलईडी ३५,००० त’ असेल तर ही चाचणी करायचीही गरज नाही.

मॉडेल नंबर वाचायला पाच मिनिटं लागतात. एलजीत मापानंतरचं अक्षर मालिका आणि त्यापुढचा आकडा वर्ष: सी२ म्हणजे २०२२, सी३ २०२३, सी४ २०२४, सी५ २०२५. सॅमसंगमध्ये शेवटचं अक्षर पाहा: एस९०सी २०२३ चा, एस९०डी २०२४ चा, ई गाळून एस९०एफ २०२५ चा. आपल्याकडच्या सॅमसंगची सुरुवात ‘क्यूए’ने होते, ‘क्यूएन’ असेल तर तो अमेरिकेचा, इथे वॉरंटी मागायला जाऊ नका. सोनीत ए८०के २०२२, ए८०एल २०२३. जुनं वर्ष घेणं वाईट नाही, सी३ आजही उत्तम संच आहे. नव्याच्या भावात जुनं घेणं वाईट. मापानुसार पॅनलही बदलतं: एस९०सी ५५, ६५ आणि ७७ इंचांत क्यूडी-ओएलईडी, ८३ इंचांत मात्र पांढऱ्या उपठिपक्याचं दुसरं पॅनल. दुकानात ६५ पाहून ८३ मागवणाऱ्याने हे आधी विचारावं.

प्लेस्टेशन ५ जोडायचा असेल तर ‘एचडीएमआय २.१ आहे’ यावर थांबू नका, कारण हा शिक्का सगळ्या सोयी नसलेल्या पोर्टलाही लागतो. ‘फोर के १२० हर्ट्झ किती पोर्टवर?’ (म्हणजे सेकंदाला १२० चित्रं) असं विचारा. सोनी ए८०एल मध्ये ते दोनच आहेत आणि त्यातला एक ईएआरसीचाही, म्हणजे साउंडबारला आवाज पाठवायचाही आहे. डॉल्बी व्हिजन (एचडीआरचा एक प्रकार) सॅमसंगमध्ये नाही. सेल्समन ‘अपडेटने येईल’ म्हणाला तर लिहून मागा, लगेच विषय बदलतो.

संच घरी येतो त्या वेळी काय करायचं ते या कुटुंबाच्या उदाहरणावरूनच सांगता येईल, कारण यातलं काहीही झालं असतं तर टीव्ही त्याच टेंपोतून परत गेला असता.

खोका उभाच उतरवून घ्या, आडवा आला असेल तर तिथेच नोंद करा. चिकटपट्टी कापण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा आणि टीव्ही चालू होईपर्यंत बंद करू नका. पट्टीवर पट्टी मारलेली दिसते का पाहा. रिमोट, पायांचे स्क्रू आणि वायर सीलबंद पिशवीत असतात. उघड्या पिशवीत आले तर कुणीतरी आधी हाताळलंय. संचाच्या मागे भिंतीच्या ब्रॅकेटसाठी असलेल्या चार भोकांत बोल्ट फिरल्याच्या चकचकीत खुणा, एचडीएमआयच्या तोंडाशी धूळ, हवेच्या जाळीत जळमट हे सगळं भिंतीवर राहिलेल्या संचाचं लक्षण. एलजीच्या ‘जी’ मालिकेच्या खोक्यात ब्रॅकेट बहुतेक वेळा सोबत येतो. त्याचे वेगळे पैसे मागणारे भेटतात.

मग सिरियल नंबर तीन ठिकाणी जुळवा: खोक्यावर, मागच्या पट्टीवर, मेनूत. या कुटुंबाच्या खोक्यावरचा आणि मेनूतला नंबर वेगळा निघाला, म्हणजे दुसऱ्याच संचाच्या खोक्यात हा भरलेला. मेनूतला नंबर कंपनीच्या ग्राहक सेवेला सांगून वॉरंटी कधी सुरू झाली ते विचारा. ग्राहक सेवेचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा पुस्तिकेतून घ्या, सर्चमध्ये वर आलेला पहिला नंबर लावला तर दुसऱ्या फसवणुकीत शिराल.

एकूण चालू तास एलजीत टीव्हीच्या माहितीच्या पानावर दिसतात, पान मॉडेलप्रमाणे ‘सामान्य’ किंवा ‘सपोर्ट’मध्ये असतं. इतर कंपन्यांत सर्व्हिस इंजिनिअरला बसवताना पाहायला सांगा. इंटरनेटवरची गुप्त बटणं दाबून सर्व्हिस मेनूत स्वतः घुसू नका. कोऱ्या संचाचे तास एक आकडी असतात. फॅक्टरी रिसेटने हा आकडा पुसला जात नाही, पण मुख्य बोर्ड बदललेला असेल तर तो खोटा असू शकतो. म्हणून शेवटी पडदाच तपासायचा. लाल, हिरवा, निळा, पिवळा आणि पूर्ण पांढरा असे सपाट रंग पेनड्राइव्हवर घ्या, सोबत ५ टक्के राखाडी, म्हणजे तिन्ही रंग २५५ पैकी १३ वर ठेवलेलं चित्र. खोली अंधारी करा. राखाडीवर थोड्या उभ्या रेषा नव्या संचातही दिसतात, त्यावरून भांडू नका. पिवळ्या-लालवर मात्र अक्षरं, चौकोन किंवा पट्टी दिसली तर विषय संपला. हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांत होतं. तोवर टेंपोवाल्याला चहा पाजा, रिकाम्या हाताने जाऊ देऊ नका.

बिल पक्कंच हवं: मॉडेल, सिरियल नंबर, एचएसएन (मालाचा वर्ग सांगणारा क्रमांक) ८५२८, सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ टक्के वेगवेगळे. महाराष्ट्रातला जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की दुकानाचं नाव येतं.

फसल्यावरही हात बांधलेले नसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येतच जुना किंवा नूतनीकरण केलेला माल नवा म्हणून विकणं आणि बिल न देणं हे दोन्ही आहे. त्यामुळे कच्चं बिल हा दुकानदाराच्याच विरोधातला पुरावा ठरतो. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या शिक्क्याला घाबरू नका. आधी कंपनीच्या इंजिनिअरला बोलावून जॉबशीटवर सिरियल नंबर, तास आणि डागांची नोंद लेखी घ्या. तोंडी ‘हो, डेमो पीस दिसतोय’ याला किंमत नाही. मग दुकानदाराला लेखी पत्र, पोच ठेवून. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. रोख दिलेल्या पैशांचं काय, हा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग आहे. यूपीआयचे ६०,००० बँकेच्या नोंदीत आहेत; ५५,००० साठी ते एस्टिमेट आणि दुकानदाराशी झालेले व्हॉट्सॅपवरचे निरोप एवढाच आधार.

दुकानदाराने मध्यंतरी क्यूएलईडीशी अदलाबदल आणि वर १०,००० रुपये देऊ केले. अट एकच, खोक्यासकट परत द्या. खोका पोटमाळ्यावर पडून आहे आणि त्यावरचा नंबर टीव्हीच्या नंबराशी जुळत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. कुटुंबाने खोका दिलेला नाही.