स्लिपवर पीएफ कापला, खात्यात आलाच नाही

चाकणला पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये मी ठेकेदारामार्फत चौदा महिने काम केलं. बेसिक आणि महागाई भत्ता धरून १२,५०० रुपये. स्लिपवर दर महिन्याला 'पीएफ १,५००' आणि त्याखाली 'इतर कपात १,५००'. ही दुसरी कपात कसली, असं मी एकदा विचारलं. सुपरवायझर म्हणाला, "तोही पीएफच आहे भाऊ, जास्त साठतोय, चांगलंच आहे की." मी गप्प बसलो. तो मालकाचा हिस्सा होता आणि मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापणं बेकायदा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

बायकोच्या बाळंतपणाला पैसे लागले म्हणून पीएफमधून उचल घ्यायला गेलो, तर यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकाला, माझा मोबाइल नंबरच नाही. ठेकेदाराच्या ऑफिसातल्या पोराचा नंबर टाकलेला. पैसे जमा झाल्याचा मेसेज कधीच का आला नाही, ते तेव्हा उमगलं. नंबर बदलून पासबुक उघडलं. माझे १,५००, आणि मालकाच्या १,५०० पैकी ४५९ पीएफचे व १,०४१ पेन्शनचे, अशा ओळी फक्त पहिल्या तीन महिन्यांच्या होत्या. पुढं कोरं. अकरा महिन्यांचे माझ्या खिशातून गेलेले ३३,००० रुपये कुठंच नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही. बायकोला सांगायचं कसं, हेच डोक्यात घोळत होतं.

ठेकेदाराकडं एकटा गेलो तर म्हणाला, "उद्यापासून गेटवर येऊ नको." मग खोलीतल्या पोरांची पासबुकं उघडली. सगळ्यांची तीच गत. आम्ही नऊ जणांनी स्लिपा आणि बँकेच्या नोंदी एकत्र करून पीएफच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार टाकली, आणि तिची प्रत घेऊन थेट कंपनीच्या एचआरकडं गेलो. १९५२ च्या पीएफ योजनेनुसार ठेकेदाराच्या कामगारांचा पीएफ भरला जातोय की नाही, याची जबाबदारी मूळ कंपनीवरही असते. आपला त्याच्याशी संबंध नाही, असं म्हणून तिला हात झटकता येत नाहीत. एकट्याला दारातून हाकलणारे नऊ जणांना खुर्च्या द्यायला लागले, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तुम्ही ठेकेदाराकडं असाल तर आजच सरकारच्या उमंग ॲपवर पासबुक बघा. महिना संपल्यावर पुढच्या १५ तारखेपर्यंत पैसे भरायचे असतात. त्यानंतरही ओळ दिसली नाही, तर त्याच आठवड्यात विचारा. चौदा महिने थांबू नका. यूएएनला नंबर तुमचाच आहे ना, तेही बघा. 'इतर कपात' कसली, ते लेखी मागा. स्लिपचा फोटो घरच्यांच्या फोनवरही पाठवून ठेवा.

आमच्यातल्या सात जणांचे पैसे जमा झाले. उरलेल्या दोघांनी स्लिपा खोली बदलताना टाकून दिल्या होत्या. ते अजून चकरा मारताहेत.