सिबिल दुरुस्त करणारे सर, बार्शीच्या ताई आणि माझा ७४८

होम लोनची फाईल परत आली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. बँकेतल्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवलासुद्धा नाही. "मॅडम, सिबिल बसत नाहीये, ६३१ आहे," एवढं म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं यावरून मिळणारे गुण, ते बघूनच बँक कर्ज देते. मी भोसरीला एका वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघते. दिवसभर दुसऱ्यांची येणी-देणी टॅलीत चढवायची आणि स्वतःचं खातं असं निघावं, याची लाज लोन न मिळाल्यापेक्षा जास्त होती.

कारण मला ठाऊक होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ह्यांचा पगार चार महिने अर्धाच आला. घर माझ्या क्रेडिट कार्डावर चाललं. थकबाकी ५१ हजारांवर गेली, वसुलीवाल्यांचे फोन ऑफिसच्या लँडलाइनवर यायला लागले, आणि २०२१ मध्ये २६ हजारांत सेटलमेंट करून, म्हणजे उरलेले बँकेने सोडून देऊन, मी मोकळी झाले. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. ह्यांना यातलं अवाक्षर माहीत नव्हतं.

त्याच रात्री मोबाइलवर शोधता शोधता एका व्हॉट्सॲप ग्रुपची लिंक मिळाली. सिबिल सुधारण्यासाठी मराठी माणसांचा ग्रुप. मी आत गेले तेव्हा दोनशेच्या वर लोक होते. कुणाचं ट्रॅक्टरचं कर्ज थकलेलं, कुणी मित्राला जामीन राहून अडकलेला, एकाच्या मुलीचं शिक्षणाचं कर्ज बापाच्या सिबिलमुळे अडलेलं. मी चार ओळी लिहिल्या आणि फोन उलटा ठेवला. दहा मिनिटांनी बघते तर तीस-पस्तीस उत्तरं. "घाबरू नका ताई." "आपण सगळे एकाच होडीत." बार्शीच्या एका ताईंनी वेगळा मेसेज करून विचारलं, "जेवलात का?" चार वर्षांत या विषयावर मला कुणी जेवलात का म्हणून विचारलं नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

हे सविस्तर सांगतेय, कारण "एवढी शिकलेली बाई फसली कशी" असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. स्कीमला मी भुललेच नव्हते. स्कीम काय आहे ते आधी धड वाचलंसुद्धा नव्हतं. महिनाभर नुसती त्या माणसांत बसत होते. ताई आणि मी रात्री अकरापर्यंत बोलायचो, त्यांच्या सुनेपासून माझ्या पाठदुखीपर्यंत. आणि मधूनमधून कुणीतरी स्क्रीनशॉट टाकायचं, ५८० चे ७६० झाल्याचा, खाली "सरांचे उपकार".

सर म्हणजे ग्रुपचा ॲडमिन. त्यांचा चेहरा कधी कुणी पाहिला नाही. रिपोर्ट तपासायचे १,५०० रुपये, फाईल लावायचे ६,५००, आणि मग "बँकेत आतून सेटिंग करून सेटल्डचं क्लोज्ड करतो" याचे १२,०००. कमी पैशांत मिटवलेलं खातं रिपोर्टवर "सेटल्ड" दिसतं, पूर्ण फेडलेलं "क्लोज्ड". क्यूआर स्कॅन केला की दर वेळी वेगळंच नाव यायचं. ते मला खटकलं होतं. पण विचारायची हिंमत झाली नाही, कारण आदल्याच आठवड्यात असं विचारणाऱ्या एकाला ग्रुपनेच झोडपलं होतं. सरांना तोंड उघडावंच लागलं नाही. पॅन, आधार, सिबिलचं लॉगिन आणि मोबाइलवर आलेले ओटीपी, सगळं मी स्वतःच्या हाताने दिलं.

डिसेंबरात सरांनी पीडीएफ पाठवलं. स्कोअर ७४८. कार्डाच्या खात्यापुढे "क्लोज्ड". मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "सर, तुमचे उपकार विसरणार नाही." पासष्ट जणांनी अभिनंदन केलं. तो फोटो माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

बँकेत न्यायला म्हणून ऑफिसात प्रिंट काढली आणि फाईलमध्ये जुन्या रिपोर्टवर ठेवली. नुसती सवय म्हणून कागदाच्या वरच्या कोपऱ्याकडे नजर गेली. प्रत्येक रिपोर्टवर कंट्रोल नंबर असतो. रिपोर्ट काढला की दर वेळी नवा पडतो, आमच्या बिलबुकासारखा. सप्टेंबरच्या आणि डिसेंबरच्या कागदावर एकच नंबर होता. दोन बिलांना एक नंबर दिसला की आमचे ऑडिटर खुर्चीत सरळ होऊन बसतात, तशी मी झाले. मग ७४८ कडे नीट पाहिलं. सातचा आकडा शेजारच्या चारपेक्षा किंचित जाड होता.

लॉगिनचा पासवर्ड कुणीतरी बदलला होता. तो परत मिळवून खरा रिपोर्ट काढला. ६०९. मी कधी नावही न ऐकलेल्या तीन फायनान्स कंपन्यांत माझ्या पॅनवर कर्जासाठी अर्ज गेले होते, त्यातल्या एकीने तर १५ हजारांचं कर्ज मंजूरही केलेलं. आणि सेटल्ड होतं ते सेटल्डच. वर तोवर माझ्या खात्यातून सगळ्याच नोंदींवर तक्रारी टाकून झाल्या होत्या, खऱ्या-खोट्या सरसकट.

ग्रुपवर मी फक्त एवढंच विचारलं, "सर, दोन्ही रिपोर्टचा कंट्रोल नंबर सारखा कसा?" चार मिनिटांत मला काढून टाकलं. त्या रात्री ताईंचा मेसेज आला: "देवमाणसावर आळ घ्यायला नको होता तुम्ही." मला तेव्हा वाटलं, ह्यासुद्धा त्यांच्यातल्याच. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

ह्यांना सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावून माझ्या हातात दिला. सायबरची तक्रार नोंदवली. ज्या कंपनीने कर्ज दिलं होतं तिला तक्रारीची प्रत पाठवली. २० हजारांतला रुपया अजून परत आलेला नाही.

बाकीचं काम मात्र आश्चर्य वाटावं इतकं साधं निघालं. आपल्याकडे सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा चार कंपन्या आहेत, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चुकीच्या नोंदीची तक्रारही फुकट. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. माझ्या रिपोर्टात एक खरोखरची चूक होती: २०१९ ला फेडलेलं स्कूटीचं कर्ज ५९० रुपये थकीत म्हणून दिसत होतं. सरांनी तिच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी एनओसी जोडून तक्रार टाकली आणि पंचवीसेक दिवसांत ती गेली.

सेटल्डचं तसं नव्हतं, कारण ते खरंच होतं. ज्या बँकेने नोंद चढवली तिने होकार दिल्याशिवाय सिबिल त्यातलं काहीही बदलत नाही, आणि "आतून" असा कुठलाही दरवाजा नाही. शेवटी मी कार्डाच्या बँकेत गेले, तेव्हा सोडलेले २५ हजार भरायची तयारी दाखवली. ऑफिसर आधी चक्रावला. मग तीन हप्ते पाडून दिले. पैसे भरले, नो ड्यूज घेतलं, आणि पुढे रिपोर्टवर क्लोज्ड आलं. सरांना दिलेल्या वीस हजारांत हे जवळजवळ मिटलं असतं. उशिरा भरलेल्या महिन्यांच्या खुणा अजून आहेत, त्या काळानेच मागे पडतील.

मार्चमध्ये एका दुपारी ताईंचा फोन आला. नंबर बघून आधी घेतला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "तुमचा ७४८ बघून मी पुढचे बारा हजार भरले हो. मंगळसूत्रातल्या दोन वाट्या मोडल्या."

मला काय बोलावं कळेना. त्यांना म्हटलं, सरांनी पाठवलेलं पीडीएफ मला टाका, आणि तुमचा पहिला, तुम्ही स्वतः काढलेला रिपोर्ट घरात आहे का बघा. तो देवघराच्या खणात होता. चष्मा लावून त्या एकेक आकडा वाचायला लागल्या, आणि मी स्क्रीनवरच्या आकड्यावर बोट ठेवत गेले. शेवटपर्यंत बोट कुठेच अडलं नाही.

"जुळला का?" ताईंनी विचारलं.